परका हात

होडी काठाला लागायच्या आतच प्रतिक्षाने पाठीवरच्या सॅकसकट उडी मारली आणि ती गुडघाभर चिखलात रुतली. होडीवाल्या जळबाने वल्हं आडवं धरून तिला बाहेर ओढलं. एवढीच घाई होती तर पोहत यायचं होतं, असं तो पुटपुटला. होडीच्या टोकाशी बसलेली त्याची आई, पंचफुलाबाई, मात्र हसली नाही. ती टेकडीकडे बघत होती.

धरणाच्या पाण्यात बुडता बुडता उरलेली ही टेकडी. इथलं एक रोही, म्हणजे नीलगाय, माणसाच्या हातातून खातं, एवढं कुणाच्या तरी मोबाईलवर पाहून प्रतिक्षा हिंगोलीहून सकाळच्या एसटीने आली होती. वर्षभर ती पायाला भिंगरी लावून अशीच हिंडत होती. नोकरी सोडली, पुण्यातली खोली सोडली. एका गावात दुसरा दिवस उजाडला की तिचा जीव गुदमरायचा. लोक विचारत, हे सगळं कशासाठी? तिलाही ठाऊक नव्हतं, आणि अलीकडे ते तिला टोचायला लागलं होतं.

रोही झुडपांतून निघालं ते थेट तिच्याकडे. खोंडाएवढं, भुरकट, लांब कानांचं. त्याने ओलं नाक तिच्या तळहातावर टेकवलं आणि सॅकची चेन हुंगली. ती तिथेच मांडी घालून बसली. किती दिवसांत ती अशी स्वस्थ बसली नव्हती. तिला रडूच आलं, आणि त्याचं हसूही आलं.

जळबाने हकिकत सांगितली. गेल्या वर्षीच्या पावसाळ्यात पाणी चढलं तेव्हा हे एवढंसं पिल्लू इथे एकटं अडकलं होतं. गावात नेलं तर कुत्री फाडतील म्हणून मायलेकांनी ते इथेच ठेवलं, शेळीच्या दुधावर वाढवलं. मग बघायला लोक यायला लागले. चारी बाजूंनी पाणी, म्हणजे लेकराला कशाची भीती नाही, अशी दोघांनी समजूत करून घेतली. यंदा कालव्याला पाणी सुटलं आणि धरण भराभर उतरलं. पलीकडच्या अंगाला गाळाची पट्टी उघडी पडली होती. ती वाळली की रोही चालत लोकांच्या हरभऱ्यात जाणार. तिकडे रोह्यांच्या कळपांनी पिकांची पार नासाडी केलेली. शेतकरी कुंपणाच्या तारेत करंट सोडतात, कुऱ्हाडी घेऊन राखणीला बसतात. आणि हे तर माणूस दिसला की धावत जाणारं. वनखात्याने नेऊन सोडलं तरी तिथेही ते माणसाकडेच जाणार.

पंचफुलाबाईने होडीतून निरगुडीचा ओला फोक काढला आणि प्रतिक्षापुढे धरला.

"हाण याला."

प्रतिक्षाने दोन्ही हात मागे घेतले.

"आमच्यानं न्हाई होत, पोरी. आमी हात उगारला तर ते डोकं पुढं करतं, खाजवा म्हणून. तू परकी हायेस. परक्या माणसाचं भेव बसलं पायजे त्याला."

"मी कशी मारू, मावशी?"

"तू उद्या निघून जाशील. आमाला इथंच राहायचं हाय."

त्यात टोमणा नव्हता. तरी ते प्रतिक्षाला लागलं.

तिने आधी दगड उचलून त्याच्या बाजूला भिरकावला. रोही उड्या मारत दगडाकडे गेलं, हुंगलं, आणि आशेने परत आलं. होडीशी झोंबू नये म्हणून जळबा पाण्यातूनच गुळाचे खडे लांब फेकायचा. फेकलेलं ते खायचं, हे त्याला पक्कं माहीत. जळबाने कपाळावर हात मारून घेतला.

मग तिने फोक घेतला. पहिल्या फटक्याला रोहीने नुसते कान हलवले. दुसरा तिने डोळे मिटून मारला. पाठीवर वळ उठला. ते दचकून उडालं आणि पळालं ते पंचफुलाबाईच्या मागे. तिच्या लुगड्यात तोंड खुपसून थरथरत उभं राहिलं.

प्रतिक्षाच्या हातून फोक गळून पडला. पंचफुलाबाईचा हात सवयीने त्याच्या मानेवर गेला होता. तिने तो काढून घेतला, वाकून फोक उचलला.

"आई, ऱ्हाऊ दे," जळबा म्हणाला.

"तू होडी सोड."

तिने मारायला सुरुवात केली. ते डोकं पुढे करत राहिलं, ती मारत राहिली. शिव्या देत, धापा टाकत, तोल सावरत. त्याच्या कानामागे रक्ताची रेघ उमटली. तेव्हा कुठे ते मागे सरलं. थांबून त्याने एकदा तिच्याकडे पाहिलं. तिने पुन्हा हात उगारला आणि ते झुडपांत पळालं. मग आलं नाही.

परतताना दोघी शेजारी बसल्या, बेटाकडे पाठ करून. अर्ध्या पाण्यात आल्यावर पंचफुलाबाईने विचारलं,

"कानामागं रगत आलं होतं. मीच काढलं ना गं ते?"

आजवर कुठल्याच गावात प्रतिक्षाने मागे काही ठेवलं नव्हतं.

"नाही मावशी," ती म्हणाली. "तो माझा फटका होता."

पंचफुलाबाई तिच्याकडे वळली. मग पदराच्या टोकाने तिच्या हाताला लागलेला चिखल पुसायला लागली.