न दुखलेला हात

"दुखतंय ना? मग औषध लागू पडतंय," आई म्हणायची. मोठ्या फ्लूच्या त्या उन्हाळ्यात, डोंगरउतारावरच्या लाकडी खोपटात, वरच्या फळीवर धाकटी बहीण शिउ-मान तापाने फणफणली होती, तेव्हाही आईचा आवाज तसाच मऊ होता. शिउ-मान दुखतंय असं एकदाही म्हणाली नाही. तिसऱ्या सकाळी फळी रिकामी झाली.

म्हणून तर इतक्या वर्षांनी, म्हातारपणी, मी पुन्हा घाबरले. फ्लूच्या लशी ताडून पाहणाऱ्या संशोधनात आमच्या वसाहतीतल्या पाच जणींनी नावं दिली होती. लशी चार, कुणाला कुठली टोचली ते आम्हाला सांगायचं नाही, असा नियम. मग टोचल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ताई-चीचा व्यायाम झाल्यावर आम्हीच एकमेकींचे दंड दाबून पाहिले.

"आई गं," फाँगबाई विव्हळली, पण तोंडावर आनंद. "माझी कडक निघाली बाई. तुझा हात गं, सौ-हिंग?"

मी दाबला. काहीच नाही.

"तुला पाणी टोचलं वाटतं. काळजी नको करूस, तुझ्या नावाने उदबत्ती मी लावीन."

सगळ्या हसल्या. मला हसू येईना. रोज दुपारी मी वृद्धाश्रमात जाऊन नवऱ्याला, पाक-चुनला, तांदळाची पेज भरवते. त्याच्या फुप्फुसांची आधीच चाळण झालेली. गेल्या हिवाळ्यात त्याच्या शेजारच्या दोन खाटा फ्लूने रिकाम्या केल्या. माझ्याच श्वासातून त्याला काही गेलं तर? वसंतात भिंती घामेजतात, तशी भीती आतून झिरपत राहिली.

चौथ्या दिवशी मी बाजारामागच्या दवाखान्यात गेले. "यंदा लस घेतलीत?" डॉक्टरांनी विचारलं. मी मान हलवली, नाही. दुसऱ्या दंडात टोचून घेतली. तो दोन दिवस ठणकला आणि मला झोप लागली.

महिन्याने रक्त द्यायला बोलावलं. सिस्टर चाउ, माझ्या नातीएवढी, रबरी पट्टी बांधत म्हणाली, "आजी, मधे दुसरी लस नाही ना घेतलीत?"

"नाही."

रक्त नळीत चढू लागलं.

"याचं काय करता गं?"

"कुठल्या लशीने म्हाताऱ्या रक्तात किती ताकद येते, ते बघायचं. पुढे वृद्धाश्रमांत जास्त ताकदीचीच द्यायला बरी."

म्हणजे माझी चोरून आणलेली ताकद त्या पाणचट लशीच्या नावावर मांडणार. आणि तीच पाणचट लस उद्या पाक-चुनच्या काटकुळ्या दंडात टोचणार. खरं सांगावं तर खोटारडी ठरेन, नाव कापतील.

सिस्टरने नळीवर चिठ्ठी चिकटवली, बर्फाच्या पेटीचं झाकण उघडलं.

मी तिचं मनगट धरलं.

"आजी, चक्कर येतेय का?"

"ते रक्त मोजू नकोस, पोरी. चौथ्या दिवशी मी दुसरीकडे जाऊन लस टोचून घेतली. घाबरले होते गं."