रसवंतीवाल्याचा फुटू

आधी येक सांगून टाकतो, मी जित्ता हाय. हितं लासुर्ण्यात, माझ्याच घरात, माझ्याच बाजंवर बसून बोलतोय. कुणी इचारलं तर सांगायला बरं.

मी मल्हार. भिगवणला हायवेच्या कडंला माझी रसवंती हुती. धनगराचं घर आमचं. आज्यानं मेंढरं राखली, बापानं ऊस लावला, आन मी त्यो पिळला. चरकाला घुंगरं बांधल्याली. पुण्याच्या, सोलापूरच्या गाड्या थांबायच्या. आलं, लिंबू, बरफ, कशातबी कमी करायचो न्हाय. आन जीभ तर माझी चरकापरास जास्त चालायची.

गेल्या साली बारामतीच्या क्लबानं आनंदमेळा भरवला. शेठलोकांचा क्लब त्यो. डोळ्यांची शिबिरं घेत्यात, रगत गोळा करत्यात, शाळंला पंखं देत्यात. त्येला पैका लागतो, म्हणून मेळा. मोठ्या घरच्या बायका पदर खोचून भेळ इकत हुत्या, पोरं फुगं फोडत हुती. आमच्या गावचं मोहनराव क्लबाचं मेंबर, बी-बियाण्याचं दुकान हाय त्येंचं. ते म्हणले, "मल्हार, रसवंती लाव की मेळ्यात." मी टेम्पोत चरक घालून गेलो. दिसभर पिळला. सांजच्याला गल्ल्याचा डबा तसाच उचलला आन अध्यक्षांच्या पुढं ठिवला. म्हणलं, "ह्यो सगळा क्लबाला." मोजलाबी न्हाय. लई मोठा झाल्यागत वाटलं तवा.

अध्यक्ष म्हंजी रावजीशेठ, बारामतीत कापडाचं दुकान हाय त्येंचं. त्येंनी मला ष्टेजवर बोलावून शाल घातली, नारळ दिला, माझा हात हातात घेऊन फुटू काढला. त्यो फुटू मी फ्रेम करून समोरच्या भितीला लावला. येईल त्याला दाखवायचो. मनिषा, माझी बायको, म्हणायची, "आवं, पाव्हण्यांला आधी पाणी तरी द्या, मंग दाखवा तुमचा फुटू."

दिवाळीच्या तोंडावर माझा उजवा हात चरकात गेला. आंगठा आन करंगळी राहिली, मधली बोटं गेली. फुटूत शेठच्या हातात हाय त्योच हात. चरक इकला. दुसऱ्याच्या रानात जावं तर खुरपं धरता येईना. मनिषाला शिवण येतं, पण मशीन नव्हती. येक पायमशीन मिळाली आसती तर घर उभं राहिलं आसतं. आमाला दुसरं कायबी नको हुतं.

येक दिस मोहनराव आपूनहून आले. "क्लब मशिनी वाटतोय. मेळ्याच्याच पैशातनं. पण यंदाचा ठराव हाय, फकस्त विधवा बायांला."

"मंग आमाला कशी मिळंल?"

"ते माझ्यावर सोड. हात गेल्याला गडी काय आन मेल्याला काय, घराला सारखंच."

मला राग याया पायजे हुता. न्हाय आला. मी म्हणलं, "बघा, लई उपकार हुतील." खरं सांगू? मला वाटलं, कुठंतरी नाव घालतील, मशीन घरला येईल, कुणाला काय कळतंय.

पण मशिनी वाटायला बारामतीला मोठा हाल भाड्यानं घेतल्याला. बाहेर मांडव, सनई, गुलाबदाण्या घेऊन बाया उभ्या. दारातच मोहनरावांनी आमाला बाजूला घेतलं. खाली बघतच म्हणले, "वैनी, तेवढं कपाळाचं... आन गळ्यातलं. फुटूपुरतं हो."

मनिषानं माझ्याकडं बघितलं. तिला वाटलं आसंल, ह्यो आता मोहनरावांच्या थोबाडीत देतोय. मी काय केलं ठावं हाय? डाव्या हातानं खिशातला रुमाल काढला आन तिच्यापुढं धरला.

तिनं कुंकू पुसलं. मंगळसूत्र काढलं, त्याच रुमालात गुंडाळलं आन माझ्या हातात दिलं.

मी पार मागं, टावेल डोक्यावरनं घेऊन बसलो. शाल घेतली तवा ह्याच लोकांनी मला बघितल्यालं. माईकवरचा मानूस लई गोड आवाजात बोलत हुता. "पतीच्या अकाली निधनानंतर खचून न जाता, लहान मुलीला पदरात घेऊन उभी राहिलेली आपली ही भगिनी..." टाळ्या. माझ्या शेजारी येक म्हातारा हुता. त्यो म्हणला, "बिच्चारी. वय काय तिचं! दारूनं गेला आसंल नवरा."

मी म्हणलं, "व्हय. दारूनंच."

आयला, सुपारीच्या खांडाला शिवत न्हाय मी! आन वर टाळ्याबी वाजवल्या. असल्या हाताच्या टाळीला आवाज येत न्हाय, तरी वाजवल्या.

मशीन आली. मनिषानं दुसऱ्याच दिसापासनं झंपर शिवाया घेतलं. शाळंचं गणवेश आलं, पडदं आलं. घरात तेल-मीठ याया लागलं. मंगळसूत्र तिनं त्याच सांजला घातलं. कुंकू मातुर लावंना. मी इचारलं तर म्हणायची, "क्लबाचं कोण बघंल, उगं कशाला." आन मशिनीवरची मान वर करत नव्हती. पण मशीन चालू हाय न्हवं, म्हणून मी गप.

आन परवा मोहनराव त्येंची यम-एटी गाडी दामटीत आले. दारातनंच वरडले, "शेठ आन मंडळी जीप घेऊन यायला लागल्यात. मशीन चालती कशी ते बघणार, फुटू काढणार. मल्हार, तू मागं जा!"

जीपचा आवाजच आला. मनिषानं गळ्यातलं पदराआड सारलं आन राजनंदिनीला जवळ घेतलं. आमची येकुलती येक, औंदा शाळंत घातलीय. "नंदे, कुणी इचारलं तर आप्पा न्हाईत म्हण."

"गावाला गेल्यात म्हणू?"

"न्हाय गं. न्हाईत म्हण."

मी मागच्या छपरात गेलो. शेळी वरडाया लागली, तिचं तोंड धरलं. कुडाच्या फटीतनं, मागच्या उघड्या दारातनं घर आतपातूर दिसत हुतं. रावजीशेठ, दोन बाया, येक फुटूवाला. मशिनीला घालायला झेंडूचा हार आणल्याला. शेठ चपला काढून आत आले, मशिनीकडं बघितलं, हसले, आन मंग त्येंची नजर भितीवर गेली.

फुटू! काढायचा राहिलाच की त्यो.

"अरे," शेठ म्हणले, "हे तर आपले रसवंतीवाले!" मोहनराव भितीला टेकलं. "म्हणजे हे गेले? मला कुणी सांगितलं कसं नाही? अहो, अख्खा गल्ला न मोजता दिला होता या माणसानं. मी घरी जाऊन बायकोला म्हटलं होतं, मन मोठं असावं तर असं." नाटक नव्हतं ते. बोलता बोलता रुमाल काढून डोळं पुसलं त्येंनी.

मंग त्यो मशिनीचा हार उचलला आन माझ्या फुटूला घातला. फुटूत शेजारी शेठबी उभे, म्हणून हार जरा माझ्या बाजूला सरकवला.

"दोन मिनिटं शांत उभे राहू," शेठ म्हणले.

सगळी माना खाली घालून उभी राहिली. फुटूवालाबी. मनिषाबी. आन काय सांगू, छपरात मीबी मान खाली घातली. लोक म्हणत्यात, मेल्याहून मेल्यासारखं झालं. ते काय आसतं ते मला ठावं हाय.

नंदीला हाराचं कळतं. आज्याच्या फुटूला हाय न्हवं. तिनं हाराकडं बघितलं आन भोकाड पसरलं. आईच्या हाताला हिसका देऊन थेट मागं पळत आली आन माझ्या मांडीला मिठी मारली. "आप्पा, तुमी खरंच मेला का वो?"

"बाळ, ये इकडं, रडू नको," म्हणत तिच्या मागनं शेठच आले. छपराच्या तोंडाशी थांबले.

माझ्याकडं बघितलं. मंग माझ्या हाताकडं. माझी येवढी चालणारी जीभ, टाळूला चिकटली. मी हात जोडले. ते तरी कुठं नीट जुळत्यात.

शेठ लई हळू म्हणले, "मल्हारराव, मला सांगायचं होतंत."

मी म्हणलं, "ठरावात बसत नव्हतो, शेठ."

त्येंनीच नजर खाली घातली. नंदीच्या डोक्यावरनं हात फिरवला, म्हणले, "आप्पा आहेत बरं का, इथंच आहेत." मंग पुढं जाऊन म्हणले, "चला. पोर घाबरली आहे. फोटो नको." बाया काय इचारत हुत्या, पण त्येंनी कुणाला कायबी सांगितलं न्हाय. जीप गेली. मोहनराव तिच्या आधीच गेल्यालं.

शिवी तरी द्यायची हुती मला. न्हायतर मशीन उचलून न्यायची. दोन्हीतलं येकबी केलं न्हाय त्या मानसानं, आन तेच मला सोसंना.

मी घरात आलो. मनिषा फुटूपुढं उभी हुती. "हार काढा. माझा हात जात न्हाय." मी माझ्या फुटूचा हार काढला आन शेळीपुढं टाकला.

वळून बघतो तर ती कुंकवाचा करंडा घेऊन माझ्यापुढं. म्हणली, "त्या दिशी रुमाल तुमी पुढं केला हुता. आता लावायचंबी तुमीच."

मी डावा हात पुढं केला. ती म्हणली, "ह्यानं न्हाय. उजव्यानं."

आंगठ्यानं लावलं. वाकडं लागलं. तिनं नीट केलं न्हाय, तशीच जाऊन मशिनीवर बसली. काल येक बाई झंपर न्यायला आल्ती, म्हणली, "आगं, कुंकू वाकडं झालंय तुझं." मनिषा म्हणली, "आसू द्या. ह्येंनी लावलंय."