सत्काराचा तास

आरमोरीजवळच्या त्या कॉलेजात काहीही अडलं, की नेटला दोष देण्याची सोय होती. यंदा दिवाळीआधी ती सोय गेली. देशभरातली विद्यापीठं आणि प्रयोगशाळा एकमेकांना जोडणारी वेगवान लाइन जंगलातून खणत खणत एकदाची कॉलेजात पोचली. लगेच पुण्याकडच्या एका संशोधन संस्थेनं तासभर वेळ देऊ केला. त्यांचा भलामोठा सूक्ष्मदर्शक इथून माउसनं फिरवायचा, आणि बारा वाजले की दुसऱ्या कॉलेजाची पाळी.

तो तास माधवी मॅडमनी दिव्यानी या आपल्या विद्यार्थिनीसाठी मागून घेतला होता. तिच्या वडलांच्या, गुणवंतरावांच्या भाताच्या बांधीतला धान लोंबीवर येता येता करपत चालला होता. करप्याचं औषध मारून झालं, गुण येईना. कॉलेजच्या सूक्ष्मदर्शकात नीट दिसेना. शेवटी तिनं पानं संस्थेकडे पाठवली. मॅडम वनस्पतिशास्त्राच्या वर्गात एकच गोष्ट घोकून घेत, अंदाजानं बोलायचं नाही, पाहून बोलायचं. पोरीनं ते मनावर घेतलं होतं.

पण नवी वस्तू आली आणि सत्कार झाला नाही, असं आपल्याकडे कधी झालंय? प्राचार्य श्रीहरी सरांनी शाली-नारळ मागवले, हॉल सजवला आणि सूत्रसंचालनाचा माइक माधवीच्या हातात दिला.

"पाच मिनिटांत आटपू," ते म्हणाले.

पडद्यावर चित्र लख्ख होतं. तिकडच्या शास्त्रज्ञ नीलिमाताई पानं यंत्राखाली ठेवून बसल्या होत्या, इकडे दिव्यानी माउसवर हात ठेवून. दीप लागला. स्वागतगीत झालं. कॉलेज चालवणाऱ्या शिक्षण संस्थेच्या अध्यक्षांचा सत्कार झाला, मग अध्यक्षांच्या हस्ते प्राचार्यांचा, आणि ज्याला शाल मिळाली तो 'दोन शब्द' बोलल्याशिवाय बसेना.

"सुरू करूया का?" नीलिमाताईंनी विचारलं.

"आता तुमचाच सत्कार, मॅडम!" असं म्हणून सरांनी पडद्यालाच शाल पांघरवली. टाळ्या पडल्या. शालीखाली पानं झाकली गेली.

माइक माधवीच्या हातात होता. पुरे, एवढंच म्हणायचं होतं. तेवढ्यात तिचंच नाव पुकारलं गेलं आणि ती उठली. खांद्यावर शाल पडली तेव्हा तिला बरंही वाटलं. नंतर तेच सगळ्यात जास्त बोचलं.

पडद्यावरची शाल काढली तेव्हा बारा वाजून गेले होते. "छान झाला कार्यक्रम," नीलिमाताई शांतपणे म्हणाल्या. "तुमची पुढची पाळी संक्रांतीनंतर." तोवर धान कापून मळूनही होणार होता. दिव्यानीनं माउसवरचा हात काढून घेतला.

व्हरांड्यात गुणवंतराव उभे होते. धुतलेला सदरा, हातात ओल्या फडक्यात ताजी पानं, लागली तर असावी म्हणून आणलेली.

"का निंगालं मॅडम? दवा कोनती मारू?"

माधवीनं तोंड उघडण्याआधीच दिव्यानी बोलली, "लाइन गेली नं बाबा. काईच नाई दिसलं."

माधवीचे कान तापले. विद्यार्थिनी तिची लाज झाकत होती, आणि क्षणभर माधवीनं ती झाकू दिली.

"जंगलातली लाइन ते, तिचा का भरोसा," गुणवंतराव तिलाच समजावू लागले. "तुमी नका मनाले लावून घेऊ मॅडम. मी मारतो काईतरी अंदाजानं."

अंदाजानं. तो शब्द मात्र तिला सोसवेना.

"लाइन चांगली होती, भाऊ," ती म्हणाली. "आम्हीच सत्कार करत बसलो. तास त्यातच गेला."

गुणवंतरावांनी मुलीकडे पाहिलं. मुलीनं मान खाली घातली. मग त्यांची नजर माधवीच्या खांद्यावरच्या शालीवर गेली.

"तुमचाबी झाला?"

"हो."

"चांगलं झालं," ते म्हणाले, अगदी मनापासून. "तुमी पोरीसाठी लय केलं." आणि पानं पुन्हा फडक्यात गुंडाळून ते पायऱ्या उतरले.

माधवीला वाटलं, त्यांनी दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.