मान खाली पडणारी बाहुली

मित्रांनो, मी एक जुनी बाहुली आहे, पण मला उचलायला जाल तर तुमच्या हाती काहीच लागणार नाही. माझ्यात चिंधी नाही, भुसा नाही, लाकूड नाही. मी राहते संगणकाच्या पडद्यामागच्या एका गावात. तिथं रस्ते आहेत पण धूळ नाही, पाऊस आहे पण कुणी भिजत नाही. देशोदेशीची माणसं आपापल्या घरी बसून त्या गावात येतात, आणि येताना माझ्यासारखी एखादी बाहुली अंगात घालतात. ती चालवतील तशा आम्ही चालतो. पूर्णा शहरातली पोरं या गावाला नुसतं ‘तिकडं’ म्हणतात.

आपली कहाणी सांगताना गोड बोलावं असा रिवाज आहे. मला आज ते जमायचं नाही. मी रागात आहे, आणि का ते सांगायलाच बसले आहे.

मला कुणी घडवलं ते मला ठाऊक नाही. कुण्या दूरदेशीच्या कारागिरानं घडवलं आणि फुकटच्या पेटीत टाकून दिलं. गोरीपान कातडी, मुठीत मावेल अशी कंबर, पायांत उंच टाचांचे बूट आणि ओठांवर कधी न पुसणारं हसू. त्यानं दोन खोडी माझ्यात ठेवल्या. पहिली अशी, की माउसचा बाण पडद्यावर जिकडे जाईल तिकडे माझी नजर जाते. दुसरी अशी, की चालवणाऱ्याचा हात बराच वेळ कशालाच लागला नाही तर माझी मान आपोआप खाली पडते. त्यात लाज नसते, दुःख नसते. आत माणूस नाही, एवढंच ती पडलेली मान सांगते. ही दुसरी खोड ध्यानात ठेवा. सगळा तंटा तिच्यावरून झाला.

कितीक वर्षं माणसांनी मला अंगात घातलं, नाचवलं आणि कंटाळून काढून टाकलं. पुढे देखण्या, नव्या बाहुल्या आल्या. त्यांच्या केसांची बट न् बट वाऱ्यावर हलायची. मी पेटीच्या तळाशी गेले.

तिथून मला धम्मशीलानं वर काढलं.

धम्मशीला पूर्णेच्या कॉलेजात शिकणारी मुलगी. स्टेशनाजवळ बन्सीधर सरांचा कॉम्प्युटर क्लास होता. दुपारी दोन बॅचच्या मधे खोली मोकळी असायची, तेव्हा ती आणि तिचा वर्गमित्र महारुद्र तिथं येऊन बसत. मालगाडी गेली की टेबल थरथरायचं आणि पडद्यावर मीही. क्लासातला जुना संगणक नव्या बाहुल्या उचलूच शकत नव्हता. मी जुनी, म्हणून हलकी, म्हणून निवडली गेले. म्हातारपणाचा असा मान कुणाला मिळतो?

त्या दोघांना तिकडं एक चित्रपट करायचा होता. गोष्ट खरी होती, त्यांच्याच गावची. पूर्णेपासून दोन कोसांवरच्या त्या गावात धम्मशीलाच्या आईला, सुलाबाईला, शाळेत खिचडी शिजवायचं काम मिळालं होतं. घर बौद्ध. दोन दिवस नीट गेले. तिसऱ्या दिवशी गावातली काही मोठी माणसं शाळेच्या फाटकात येऊन उभी राहिली आणि पोरांना म्हणाली, हिच्या हातचं खायचं नाही. पंगतीतल्या पोरांनी एकामागून एक ताटल्या पालथ्या घातल्या. पंगतीच्या शेवटी दुसरीतली धम्मशीला बसली होती. पुढे सुलाबाईनं गाव सोडलं, आणि आता ती पूर्णेत डबे करून देते.

ही गोष्ट गावात जाऊन कोण चित्रित करू देणार? कोणत्या आईबापानं आपलं लेकरू ताटली पालथी घालायला दिलं असतं? म्हणून ती तिकडं करायची. तिकडं कुणाची परवानगी लागत नाही.

मित्रांनो, माझे सुखाचे दिवस ते हेच. धम्मशीलानं आधी माझे बूट काढले. मग आईचा फोटो शेजारी धरून माझ्या कातडीचा रंग जुळवला. हसऱ्या ओठांवर बारीक रेघ ओढून हसू मिटवलं. तिकडच्या दुकानांत लुगडं मिळेना. मिळालं ते अंगावर रंगवल्यासारखं, पदर निपचित. तेव्हा तिनं एका झेंड्याचं फडफडणारं कापड घेऊन माझ्या खांद्यावर टाकलं. म्हणून आमच्या चित्रपटातल्या शाळेत सदा वारा आहे. खिचडी ढवळायची हालचालही कुठं नव्हती. महारुद्रनं होडी वल्हवायची हालचाल शोधली आणि मला पातेल्यासमोर उभं केलं. मी वल्हं मारत गेले, पातेलं ढवळलं गेलं.

“धम्मशीला, तुझी आई गोदावरी पार करायली बघ,” महारुद्र म्हणाला.

“तू आधी शाळेचे पत्रे नीट बसव. तुझा लिंब हवेत लटकायलाय.”

शाळा महारुद्रनंच उभी केली. पत्र्याचं छप्पर, व्हरांडा, लिंब, फाटक, सगळं त्यानं न विचारता बरोबर जागी ठेवलं. पंगतीतली पोरं म्हणजे नुसत्या मूर्ती, हलणारं पोर एकच. ते महारुद्र आपल्या फोनवरून चालवायचा. तिकडं प्रत्येक बाहुलीच्या डोक्यावर तिला चालवणाऱ्याचं नाव तरंगतं. चित्रण करताना ती नावं बंद ठेवतात. महारुद्र ते कधी विसरला नाही. आधी नाव बंद, मग बाकी सगळं.

चित्रपटासाठी सुलाबाईनं फोनवर एक ओवी गाऊन दिली होती.

चूल पेटविली, जाळाला न्हाई जात
शिजल्या भातानं, इचारला न्हाई हात

आणि मग तो प्रसंग आला. पोरं ताटल्या पालथ्या घालतात, तेव्हा आई काय करते? माझ्याजवळ रडू नव्हतं. पण धम्मशीलाला माझी खोड ठाऊक होती. तिनं कॅमेरा एका जागी रोवला आणि हात मांडीवर घेतले. दोघंही न हलता बसली. एक मालगाडी आली, गेली. आणि पातेल्याजवळ उभ्या उभ्या माझी मान हळूच खाली पडली. पदर तेवढा फडफडत राहिला.

दोघांच्या डोळ्यांत पाणी आलं. मला वाटलं, जन्माचं सार्थक झालं. मीही चुकले, मित्रांनो. मला तर कळायला हवं होतं की मान पडते तेव्हा आत कुणी नसतं.

चित्रपट पुरा झाल्यावर एका दुपारी डबे पोचवून सुलाबाई क्लासात आली. बन्सीधर सरांनी स्वतः खुर्ची दिली. चित्रपटावर क्लासचं नाव येणार होतं आणि एका मोठ्या स्पर्धेला तो जायचा होता. सुलाबाईनं सगळा बघितला. वल्हं मारताना मला बघून हसलीही. माझी मान पडली तेव्हा सरांनी रुमाल काढला.

“बघा ताई,” ते म्हणाले, “हितं दगडाला बी पाझर फुटंल.”

सुलाबाई पडद्याकडे बोट करून म्हणाली, “ही कोण?”

“आई, तूच की,” धम्मशीला म्हणाली.

“मी न्हाई. मी कवा मान खाली घातली व्हती?”

धम्मशीला आईकडे वळली.

“मग काय केलतंस?”

“काय करणार? उभी ऱ्हायले, पळी हातात धरून. एकेकाच्या तोंडाकडं बघितलं, पोरांच्या बी अन् फाटकातल्या बाप्यांच्या बी. मंग एक ताट घेतलं, वाढून घेतलं, अन् समद्यांम्होरं बसून जेवले. मीठ बरोबर झालतं.”

“मला दिसलंच नाही गं,” धम्मशीला म्हणाली. “मान तर माझी खाली होती.”

सर हसले. चांगल्या माणसानं हसावं तसंच हसले. “ताई, तसं झालं बी असंल. पण पिच्चरमधी मान खाली गेलेलीच चालती. बघणाऱ्याला कीव आली पायजे.”

“कीव कामून? माझं पातेलं सांडलं व्हतं का?”

खिडकीजवळ उभा असलेला महारुद्र पुढे आला. गेली दोन वर्षं तो सुलाबाईच्या घरी जेवत होता.

“मावशी, मी त्या पंगतीत तिसरा बसलो होतो.”

“ठाऊक हाय. तुझी ताटली पितळंची व्हती.”

“ठाऊक होतं, तर मला जेवू कामून घालत होतीस?”

“भूक लागली म्हणलास म्हणून. दुसरं काय इचारायचं असतं जेवणाऱ्याला?”

मित्रांनो, गोष्ट इथं नीट वळली असती. प्रसंग नव्यानं करायचा एवढंच काम होतं. पण बन्सीधर सर म्हणाले, मुदत परवा संपते, आणि चांगल्या कामाला हात लावायचा नसतो. धम्मशीला म्हणाली, “सर, ते खोटं आहे.” सर म्हणाले, “कॉम्प्युटर कुणाचा हाय?” दुसऱ्या दिवशी दुपारी क्लासला कुलूप होतं. चित्रपट स्पर्धेला गेला होता. पाठवण्याआधी सरांनी मला चार छटा उजळ केलं होतं. पडद्यावर चेहरा उठून दिसत नाही, म्हणे. फोटो शेजारी धरून, डोळे ताणून जुळवलेला तो रंग एका बोटानं पुसला गेला.

माझा राग तिथं जन्मला. फाटकातल्या माणसांनी सुलाबाईच्या हाताला नावं ठेवली. या सज्जनानं तिला मानच ठेवली नाही, आणि वरून रुमालानं डोळे पुसले.

पण धम्मशीलानं मला तिकडंच जपून ठेवलं होतं, शाळेसकट. महारुद्रनं बहिणीचा जुना लॅपटॉप आणला. मी हलकी, म्हणून त्याच्यावरही उभी राहिले. डबे गेल्यावर सुलाबाईच्या स्वयंपाकघरात, ओट्यावर कांद्याची परडी बाजूला सारून त्यांनी लॅपटॉप मांडला. महारुद्र फोन घेऊन उंबऱ्यात बसला. त्यानं आपलं पोर पंगतीत तिसऱ्या जागी बसवलं.

“तुझं नाव दिसायलंय वर,” धम्मशीला म्हणाली. “बंद कर.”

“राहू दे.”

“महारुद्रा, गावात सगळे बघतील. तुझे वडील बघतील.”

“राहू दे म्हणलो ना.”

त्यानं ताटली पालथी घातली. वर नाव तरंगत होतं, महारुद्र, स्वच्छ देवनागरीत.

मग धम्मशीलानं माउस आईच्या हाताखाली दिला. “आई, हा बाण फिरवशील तिकडं ती बघंल. अन् हात थांबवू नको. थांबला तर तिची मान पडती.”

“न्हाई थांबत,” सुलाबाई म्हणाली.

मित्रांनो, मला शेकडो हातांनी चालवलं आहे. तो हात मिठाचा, पिठाचा, चुलीच्या चटक्यांचा होता. बाण अडखळत निघाला. माझी नजर पहिल्या पोरावर गेली, थांबली, दुसऱ्यावर गेली. तिसऱ्यावर ती खूप वेळ राहिली. उंबऱ्यात महारुद्रनं फोनमधून डोळे वर काढले नाहीत. मग नजर चौथ्यावर, पाचव्यावर, अशी पंगतभर फिरली आणि फाटकापाशी गेली, आणि तिथंही खाली झाली नाही. सुलाबाई माउस सरकवता सरकवता गुणगुणत होती. कुणी सांगितलं नव्हतं, तेही चित्रपटात आलं.

उभी मी ऱ्हायले, पळी धरून हातात
बघून घेतले, डोळे एकेका ताटात

जेवायची हालचाल आम्हाला मिळाली नाही. म्हणून शेवटी पडदा काळा होतो आणि सुलाबाईचा नुसता आवाज येतो, “मीठ बरोबर झालतं.”

आता माझे दोन चित्रपट आहेत. सरांच्या चित्रपटाला बक्षीस मिळालं. हजारो माणसं तो बघतात, खाली रडणाऱ्या चेहऱ्यांची चित्रं टाकतात, आणि दर वेळी माझी उजळ केलेली मान खाली पडते. दिवसातून कितीदा पडते ते मला मोजता येत नाही. दुसरा चित्रपट फार थोड्यांनी बघितला आहे. त्यातला एकजण महारुद्रचे वडील. त्यांनी लेकाशी बोलणं टाकलं आहे. महारुद्र अजून सुलाबाईकडे जेवतो आणि आता आपली ताटली आपण घासतो. सुलाबाईला ते पसंत नाही. “राख नीट लावत न्हाई,” म्हणते.

मी पुन्हा पेटीत आहे. कधीतरी तुमच्यापैकी कुणी मला अंगात घालेल आणि कुणाची तरी गोष्ट सांगायला निघेल. सांगा, जरूर सांगा. मी जुनी आहे, पण हलकी आहे, कुठल्याही गरीब यंत्रावर उभी राहीन. फक्त ज्याची गोष्ट आहे त्याला आधी विचारा, की बाबा, त्या वेळी तू कुठं बघत होतास? तुम्हाला रडायला बरं पडतं म्हणून त्याची मान खाली पाडू नका. माझी मान पडते तेव्हा आत कुणी नसतं. त्या दिवशी सुलाबाई तिथं होती, सगळीच्या सगळी होती.

आणि ताटली पालथी घालणारे हात तुमच्या पंगतीतले, तुमच्या घरातले असतील, तर चित्रण करताना डोक्यावरचं नाव बंद करू नका. महारुद्रनं ठेवलं तसं राहू द्या.