बाळचे पुठ्ठे

आमच्या दुकानात मापाला आकडे नाहीत, शब्द आहेत. मशीनच्या मागे खिळ्यावर सहा पुठ्ठे टांगलेत आणि प्रत्येकावर वडिलांच्या ठसठशीत अक्षरात एकेक शब्द आहे: तान्हं, रांगतं, दुडदुडं, शेंबडं, शाळकरी, पोरसवदा. आई गिऱ्हाइकाच्या पोराकडे एक नजर टाकते आणि म्हणते, "शेंबडं काढ." मी तो पुठ्ठा कापडावर ठेवते, खडूने रेघ मारते आणि कात्री चालवते. दुकान मुलग्यांच्या सदऱ्यांचं, त्यामुळे त्या भिंतीवर पोरगी नाही.

हे सहाही पुठ्ठे म्हणजे माझा धाकटा भाऊ. टेप लावली की पोरं वळवळतात, म्हणून वडील पुठ्ठा त्याच्या पाठीशी धरायचे आणि खांदे, बगला पेन्सिलीने गिरवून घ्यायचे. अगदी लहान होता तेव्हा पुठ्ठ्यावरच झोपवायचे. त्याच्या वाढण्याला इतके शब्द मिळाले, मला एकच मिळाला. तो जन्मला त्या दिवशी मी ताई झाले, आणि तेव्हा मला स्वतःचं नाकसुद्धा नीट पुसता येत नव्हतं. तो मात्र अजून बाळच आहे. टक्कल पडलं, आजोबा झाला, तरी आईच्या तोंडी बाळ. खोटं कशाला बोलू, माझ्या पोटात दुखतं. वडील गेल्यापासून दुकान मी चालवते, आईचं दुखलंखुपलं मी बघते, आणि वर्षातून दोनदा बाळ येणार म्हटलं की आई सकाळपासून दारात.

परवा तो आला तो पुठ्ठे मागायलाच. नवीन घर घेतलंय, बैठकीच्या भिंतीवर ते फ्रेम करून लावायचेत. नातवाला दाखवायचं म्हणे, आजोबा एवढे होते, मग एवढे झाले.

"मला रोज लागतात ते," मी म्हणाले.

"तू दुसरे कापून घे ना, ताई. तुझ्या डाव्या हातचा मळ."

"देऊन टाक गं," आई काजाला दोरा भरता भरता म्हणाली. "लहानपण त्याचंच आहे."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आईचं सगळं कौतुक त्याला, आता माझी भिंतही त्यालाच. पुठ्ठे खाली काढले, टेबलावर आपटले आणि कोऱ्या पुठ्ठ्यांवर गिरवायला बसले.

तान्हं झालं, रांगतं झालं. दुडदुडं गिरवून झाल्यावर मी नेहमीच्या सवयीने उजवा खांदा बोटभर खाली छाटला.

"तो का छाटलास?" बाळने विचारलं.

"कारण तुझा उजवा खांदा वर आहे. इतकी वर्षं हेच करतेय. मुळातच वाकडा आहेस तू."

आईला हसू फुटलं. "वाकडा कुठला. मेला उभाच राहायचा नाही. शेजारी ताईला आणून उभी केली, तिचा हात धरायला दिला, की मग गप्प. ती उंच, म्हणून याचा हात वर आणि खांदाही वर. यांनी तसाच गिरवला. मी म्हटलंसुद्धा, तर म्हणाले, राहू दे, कापताना बघू."

माझ्या हातातली कात्री तशीच राहिली. त्याची घामेजलेली मूठ माझ्या हातात असायची, पुठ्ठ्यावर पेन्सिल खरखरायची, हे मला आठवत होतं. मी अगदी ताठ उभी राहायचे, श्वास धरून, कारण मला वाटायचं की याच्यानंतर माझी पाळी आहे. दर वेळी वाटायचं. मग वडील पुठ्ठा उचलून म्हणायचे, "झालं, जा खेळायला."

मी बाकीचे पुठ्ठे उजेडात धरून पाहिले. शेंबड्याचा खांदा वर होता, शाळकऱ्याचाही थोडा होता. पोरसवद्याचे दोन्ही खांदे सरळ होते, कारण तोवर बाळला बहिणीचा हात धरायची लाज वाटायला लागली होती. तान्हं, रांगतं आणि पोरसवदा मी त्याच्यापुढे सरकवले.

"हे घे. यांच्यात तू एकटा आहेस."

"आणि ते तीन?"

"ते मिळायचे नाहीत."

त्याने ओठ काढून आईकडे बघितलं, लहानपणी बघायचा तसंच. आई काही बोलेल म्हणून मीही थांबले. पण ती खाली मान घालून दोरा ओवत राहिली, आणि तो सुईत जाईना.

"म्हणजे मला अर्धंच लहानपण?" बाळ म्हणाला.

"हो," मी म्हणाले, "अर्धं माझं आहे."

आणि तिन्ही पुठ्ठे परत खिळ्याला टांगले.