पौंडाला सात पेन्स

ज्या फुटबॉल क्लबने एकोणीस हजार पौंड थकवलेत, त्याच क्लबसाठी माणूस दर शनिवारी पहाटे उठून पुन्हा चारशे पाई भाजायला घेतो, त्याला काय म्हणावं? ब्रायनी डक्सबरीकडे त्यासाठी बरेच शब्द होते. पण तो माणूस तिचा बाप होता, त्यामुळे निम्मे शब्द गिळावे लागायचे.

"बाबा, पीठवाला काय म्हणाला ते आठवतंय ना? येता सोडून पुढच्या सोमवारी तेराशे रोख दिले नाहीत तर एक पोतंही मिळणार नाही. पीठ नाही तर बेकरी नाही!"

"अगं, आपला क्लब आहे तो," नॉर्मन डक्सबरी खिमा-बटाट्याच्या सारणावर कणकेची झाकणं दाबत म्हणाले. "आपले पैसे कशाला बुडवेल?"

"क्लबच बुडालाय, बाबा! पेपरात आलंय!"

ब्रॅकनशॉ रोव्हर्सचा इतिहास ब्रायनीला तोंडपाठ होता, कारण तिच्या घरात पाढ्यांच्या आधी तो शिकवायचे. गिरणीतल्या विणकरांनी आठवड्याला एक पेनी वर्गणी काढून उभा केलेला क्लब. पणजोबांच्या काळात एकदाच कपच्या उपांत्य फेरीत पोचला, आणि अख्खं गाव अजून त्याच नशेत. मग लागली मालकांची रांग. एकाने टायर विकून कमावलेलं सगळं खेळाडूंवर उधळलं. दुसऱ्याने पार्किंगची जागा विकून खाल्ली. तिसऱ्याने तर गोल कसा करतात हे विसरलेल्या एका स्ट्रायकरला आठवड्याला अकरा हजार कबूल केले आणि स्वतः सायप्रसला ऊन खायला पळाला. प्रत्येक नवा मालक आला की बाबा म्हणायचे, "हा मात्र बरा वाटतोय हं."

गुरुवारी संध्याकाळी, ज्यांचे ज्यांचे पैसे अडकले होते ते सगळे क्लबच्या हॉलमध्ये जमले. दिवाळखोरी निस्तरायला नेमलेल्या मिसेस थ्रेलफॉल चष्मा सावरत उभ्या राहिल्या.

"मिस्टर क्रॉन्शॉ क्लब विकत घ्यायला तयार आहेत. तुम्हाला थकलेल्या एका पौंडामागे सात पेन्स मिळतील, म्हणजे शंभरातले सात."

"आणि त्या स्ट्रायकरला?" ब्रायनीने बसल्या जागेवरून विचारलं.

"खेळाडूंचे पैसे पूर्ण द्यावे लागतात. लीगचा नियम आहे. नाही दिले तर लीग खेळूच देणार नाही."

"म्हणजे वर्षभरात दोन गोल करणाऱ्याला पौंडाला पौंड, आणि ज्याची पाई एकदाही कच्ची राहिली नाही त्याला सात पेन्स?"

"त्यातला एक गोल आपल्याच जाळ्यात होता!" खेळाडूंचे कपडे धुणारी लाँड्रीवाली मागून ओरडली. हॉल खो खो हसला.

मिसेस थ्रेलफॉल हसल्या नाहीत. "तुम्ही नाही म्हणालात तर क्लब बंद होईल. मग सात पेन्सही विसरा. मंजूर असेल त्यांनी हात वर करा."

सगळ्यात आधी कुणाचा हात वर गेला असेल? बाबांचा! तोही असा ताठ, की जणू वर्गात उत्तर येतंय.

"निदान दुसऱ्या कुणाचा हात वर जाईपर्यंत तरी थांबायचं!" ब्रायनी कुजबुजली.

"अगं, क्लब वाचला!"

"आणि आपण?"

बाबांनी नुसतं नाक पुसलं. चक्क रडत होते!

शनिवारी ब्रायनीने व्हॅन मैदानाच्या मागच्या फाटकाशी उभी केली. कोरा करकरीत मफलर गुंडाळलेले मिस्टर क्रॉन्शॉ दिसेल त्याच्याशी हात मिळवत होते.

"पाई आल्यात," ती म्हणाली. "सोळाशे पौंड. रोख."

"नवी सुरुवात आहे, बेटा. आज कशाला हिशोब? सोमवारी निवांत बसून बघू."

"हो हो, काही घाई नाही..." शेजारच्या सीटवरून बाबांनी तोंड उघडलं.

त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत ब्रायनीने व्हॅन मागे घेतली, वळवली आणि प्रेक्षकांच्या दारासमोर रस्त्याच्या कडेला आणून मागचं दार सताड उघडलं.

"गरमागरम पाई! आत साडेचार, इथे चार! आधी पैसे, मग पाई!"

बाबा लाजेने सीटवर घसरत घसरत जवळजवळ दिसेनासे झाले. पण रांग लागली ती थेट कोपऱ्यावरच्या दारूच्या गुत्त्यापर्यंत! सुट्टे द्यायला हात पुरेनात, तेव्हा बाबा नाइलाजाने खाली उतरले.

"हे काय चाललंय?" मिस्टर क्रॉन्शॉ धापा टाकत आले. "आत स्टॉलवर एक पाई नाही!"

"ओ मफलरवाले, रांगेत या!" कुणीतरी खेकसलं.

मालक रांगेत उभे राहिले. त्यांचा नंबर येईपर्यंत पाई संपल्या.

ब्रायनीने तेराशे मोजून वेगळे बांधले. तिला नाचावंसं वाटत होतं. तेवढ्यात बाबा जवळ आले.

"उरलेल्यातले थोडे दे ना. वर्षभराचा पास काढतो. आत्ता काढला तर क्लबच्या हातात लगेच पैसे पडतील, बिचाऱ्यांच्या..."

"बिचाऱ्यांच्या!" ती एवढ्या जोरात किंचाळली की रस्त्यावरचा पोलीस वळून पाहू लागला.

आत शिट्टी वाजली. बाबा लहान पोरासारखे एका पायावरून दुसऱ्या पायावर झुलू लागले. तिने दात-ओठ खात एका तिकिटाचे पैसे त्यांच्या हातावर ठेवले.

"आजचं. फक्त आजचं. आणि आत कुणालाही काहीही उधार कबूल करायचं नाही!"

एप्रन तसाच ठेवून बाबा धावत सुटले. ब्रायनीने पीठवाल्याचे पैसे सीटखालच्या पेटीत घालून कुलूप लावलं, दोनदा ओढून पाहिलं, आणि मग स्वतःवरच भयंकर वैतागत तिकिटाच्या खिडकीकडे पळाली.