बिनभोकाचं बूच

मला पाहून तुम्ही चिमटाच म्हणाल. म्हणा, मित्रांनो, मला त्याची सवय झाली आहे. पण मी चिमटा नाही. मी वाइनच्या बाटलीचं बूच काढणारा एक जुना ओपनर आहे. वर धरायला मूठ आणि खाली पोलादाचे दोन चपटे, पातळ पाय, एवढाच माझा संसार. बाटलीत काय असतं त्याच्याशी तुम्हाला आत्ता काही कर्तव्य नाही, आणि मला तर कधीच नव्हतं. माझी गोष्ट बुचाची आहे.

माझा जन्म एका छोट्या कारखान्यात झाला. तिथल्या कारागिराने माझे पाय फिरत्या दगडावर घासून नखाएवढे पातळ केले आणि एक पाय दुसऱ्यापेक्षा जरासा लांब ठेवला. शेजारची सुरी मला लंगडा म्हणाली, तेव्हा मला रडूच कोसळलं. पुढे कळलं, की सगळी गंमत त्या लांब पायातच आहे. तो आधी काच आणि बूच यांच्या फटीत शिरतो, मग दुसऱ्या बाजूने आखूड पाय. मग मला डावी-उजवीकडे डोलवत खाली न्यायचं आणि शेवटी फिरवत फिरवत वर ओढायचं. बूच अख्खं बाहेर येतं. ना भोक, ना भुसा!

एका हॉटेलातल्या म्हाताऱ्या वेटरने मला वीस वर्षं वापरलं. "हा आपला डॉक्टर," तो कौतुकाने म्हणायचा, "सुई न टोचता दुखणं काढतो." प्रत्येक वेळी बूच बाहेर आलं, की मी थक्क व्हायचो. साधी झाडाची साल, नखाने दाबली तर दबणारी, आणि वर्षानुवर्षं बाटलीचं तोंड बंद करून बसलेली! पण खरं सांगतो, ती बुचं केराच्या डब्यात जायची आणि ती कापली कोणी हा विचार माझ्याही मनात कधी आला नाही. याची मला आज लाज वाटते.

वेटर थकला, घरी बसला. हॉटेलात नवीन, झटपट ओपनर आले आणि मी मोडक्या चमच्यांच्या डब्यातून एका भांड्यांच्या दुकानात पोचलो. दुकानवाल्या मावशींना मी काय आहे ते कळेना. फटीत पडलेली किल्ली काढायला मी, पावडरचा डबा उचकटायला मी, आणि दुपारी गिऱ्हाईक नसलं की पाठ खाजवायलाही मीच. पाठ खाजवण्यासाठीच आपला जन्म झाला, असं मलाही वाटू लागलं होतं.

अशाच एका दुपारी दोघं भावंडं दुकानात आली. बहीण साठीची. तिने टॉवेलात गुंडाळलेली एक बाटली दोन्ही हातांवर आडवी धरली होती, तान्हं मूल धरावं तशी. भाऊ तिच्याहून दहा वर्षांनी लहान असेल. तो तोंड वाकडं करून दारातच उभा राहिला.

"मावशी, बूच काढायचा ओपनर दाखवा," बहीण म्हणाली. "पण बुचाला भोक पडता कामा नये."

मावशींनी उत्साहाने एकेक माल काउंटरवर मांडला. वेटर लोक खिशात ठेवतात तो घडीचा, लहान पात्याचा. मग दोन हातांचा. त्याचं मळसूत्र आत गेलं की त्याचे हात वर होतात, आणि हात खाली दाबले की बूच वर येतं. मग दांडा ओढला की क्षणात काम करणारा, मग बॅटरीवर गुरगुरणारा, आणि शेवटी सुई खुपसून आत हवा भरणारा पंप. बहीण प्रत्येकाचं टोक बोटाने तपासायची आणि मान हलवायची. सगळेच भोक पाडणारे.

"मग बूट घ्या!" मावशी वैतागल्या. "बाटलीचं बूड बुटात ठेवायचं आणि भिंतीवर आपटायचं. माझ्या नवऱ्याने केलं होतं एकदा. बूच निघालं, भिंतीचा गिलावाही निघाला. अहो, ओपनर घ्यायला आलात की माझी परीक्षा बघायला?"

बहिणीला हसू आलं नाही. तिने बाटली हलकेच काउंटरवर ठेवली. तोंडावर लाखेचा जाड थर होता.

"आमचे बाबा बुचं कापायचे, हाताने," ती म्हणाली. "अडतीस वर्षांपूर्वी कारखान्याने त्यांना काढून टाकलं. म्हणे, यांची बुचं गळतात, माल नासला. त्या संध्याकाळी बाबा खिशात एकच बूच घेऊन घरी आले. ते त्यांनी लाल वाइनच्या या बाटलीला ठोकलं, वर लाख लावली आणि मला म्हणाले, आडवी ठेव. बूच गळकं असेल तर त्याच्या अंगावरून लाल रेघ वरपर्यंत चढेल. नसेल तर नाही चढणार. आता एवढं जुनं बूच, भोक पाडताना त्याचा भुगा झाला तर रेघ बघणार कुठे?"

"ताई, पुरे कर," भाऊ दारातून म्हणाला. "बाबा गेले, कारखाना बंद पडला. आता दाखवणार कोणाला?"

"तुला."

भाऊ मावशींकडे न बघताच बोलला, "शाळेत मला गळक्या म्हणायचे. बाबांचा इतका राग यायचा, की पुढे मी त्यांच्याशी धड बोललोच नाही. ते जाईपर्यंत."

मावशी अवघडल्या. अशा वेळी त्यांची पाठ हमखास खाजते. त्यांनी गल्ल्याशेजारून मला उचललं आणि खाजवायला सुरुवात केली. बहीण टक लावून बघू लागली.

"मावशी, हे काय आहे?"

"हे? पाठ खाजवायचं."

"अहो, पाठ कसली! बाबांकडे अस्संच होतं! द्या इकडे!"

मित्रांनो, शेवटी कोणीतरी मला ओळखलं! तिने मला रुमालाने लखलखीत पुसलं. सुरीच्या टोकाने लाख खरवडली, माझा लांब पाय फटीत घातला, मग आखूड. तिने मला खाली दाबलं आणि बूच कणभर आत सरकलं. ते आत पडलं असतं तर वाइनमध्ये बुडून वरपासून खालपर्यंत लाल झालं असतं, आणि बाबांची साक्ष कायमची पुसली गेली असती.

"ढकलू नकोस! डोलव!" भाऊ धावत आला आणि त्याने बाटली दोन्ही हातांनी घट्ट धरली. "बाबा डोलवायचे. आठवत नाही का तुला?"

मग ती मला डोलवू लागली. मी बुचाच्या अंगाला अंग घासत उतरत होतो आणि थक्क होत होतो. अडतीस वर्षं झाली तरी ते बूच सगळीकडून काचेला रेटून बसलं होतं. कुठे पोकळ नाही, कुठे सैल नाही. एवढंसं ते, पण मला जागा देताना त्याच्या जिवावर आलं होतं! असलं काम मी वीस वर्षांत पाहिलं नव्हतं. मी मनातल्या मनात त्या हातांना नमस्कार केला.

फक्! बूच बाहेर आलं.

टोकाला नखाच्या जाडीचा गडद लाल रंग. त्याच्या वर सगळी साल आजच कापल्यासारखी कोरी. रेघ नाही, ठिपका नाही. मावशींनी ते दारातल्या उजेडात धरून चहूकडून पाहिलं आणि भावाच्या हातात दिलं. त्याने चष्मा लावला. बूच तीन वेळा फिरवलं. अंगठ्याने दाबलं, तर ते दबलं आणि पुन्हा होतं तसं झालं. मग तो तिथेच पातेल्यांच्या उतरंडीशेजारी खाली बसला.

"बाबा, एक थेंब नाही हो," तो म्हणाला आणि ढसाढसा रडला. बहीण त्याच्या डोक्यावरून हात फिरवत राहिली.

मावशींनी तीन वाट्या आणल्या. तिघांनी एकेक घोट घेतला. "चव उतरलीय," मावशी तोंड वेडंवाकडं करत म्हणाल्या, "पण आंबलेली नाही हं!"

बहीण बूच रुमालात बांधू लागली, तर भावाने तिचा हात धरला. "नको, ताई. परत लाव."

"वेडा की काय तू? जपून ठेवू ना."

"बाबांनी ते रुमालात ठेवायला कापलं नव्हतं. लाव परत."

आणि मित्रांनो, तेही मलाच जमतं! बूच माझ्या दोन पायांत धरलं, फिरवत फिरवत बाटलीत उतरवलं, आणि मी अलगद बाहेर निसटलो. बूच आपल्या जागी जाऊन बसलं.

तुमच्याजवळ माझं एकच मागणं आहे. माझे पाय ओले ठेवू नका, गंज चढतो, हे तर आहेच. पण एखादी वस्तू तिचं काम करून तुमच्या हातात आली, की फेकण्याआधी ती एकदा उजेडात धरून बघा. ती कोणीतरी जीव ओतून केलेली असते, आणि त्या माणसाबद्दल लोक काहीबाही बोलले असतील तर त्याच्या बाजूने बोलायला कदाचित तेवढी एकच वस्तू उरलेली असते.

त्या दुपारी मी भावाच्या शर्टाच्या खिशात बसून दुकानाबाहेर पडलो. त्याने बाटली उचलली, बुचाची बाजू खाली केली आणि तशी उलटी छातीशी धरून तो भर रस्त्यातून चालू लागला.

"अरे, शर्ट पांढरा आहे तुझा," बहीण मागून ओरडली, "डाग पडेल!"

"नाही पडणार," तो म्हणाला.